लांब पल्ल्याची ट्रायथलॉन: प्रो खेळाडूला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी व्यावसायिक (प्रो) ट्रायथलीट आहे, म्हणजे एकाच शर्यतीत आधी पोहते, मग सायकल चालवते आणि शेवटी धावते. लांब पल्ल्याच्या शर्यती हेच माझं काम आहे. शर्यतीनंतर किंवा सरावाच्या तलावावर लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. खाण्याबद्दलचं उत्तर सगळ्यात लांब आहे, कारण शर्यत बहुतेक वेळा तिथेच जिंकली किंवा हरली जाते असं माझं ठाम मत आहे.

नेमकं अंतर किती?

३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन. एकूण सुमारे २२६ किलोमीटर. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. बूट बदलायला लागलेला वेळही त्यातच मोजला जातो. याच्या निम्म्या अंतराच्या शर्यती असतात (१.९, ९० आणि २१.१ किलोमीटर). टी१०० मालिकेत २, ८० आणि १८ असं १०० किलोमीटरचं गणित असतं. ऑलिंपिकमध्ये दिसते ती १.५, ४० आणि १० किलोमीटरची शर्यत. तिथे सायकलवर घोळक्याने जायला परवानगी असते, त्यामुळे तो खेळ बराच वेगळा आहे.

आयर्नमॅन म्हणजेच लांब पल्ल्याची ट्रायथलॉन का?

अंतर तेच, पण आयर्नमॅन हे एका शर्यत-मालिकेचं नाव आहे. जर्मनीतली रोथची शर्यत याच अंतराची, पण ती ‘चॅलेंज’ या नावाने होते.

हे अंतर आलं कुठून, हे सांगायला मला मनापासून आवडतं. हवाईच्या ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या स्पर्धा होत असत: वायकीकीची समुद्रात पोहण्याची, सायकलने बेटाला फेरी मारण्याची आणि होनोलुलू मॅरेथॉन. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दाम्पत्याने तिन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करायचं ठरवलं. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जणांनी सुरुवात केली, १२ जण शेवटपर्यंत पोहोचले आणि गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. १९८१ पासून ही शर्यत बिग आयलंडवरच्या कोनाला गेली.

२०२४ मध्ये रोथला डेन्मार्कच्या मॅग्नस डिटलेवने ७ तास २३ मिनिटं २४ सेकंद आणि जर्मनीच्या आने हाउगने ८ तास २ मिनिटं ३८ सेकंद अशी वेळ दिली. रस्ते आणि हवामान वेगळं असल्याने वेळांची थेट तुलना करता येत नाही, तरीही हॉलर आणि हाउग यांच्यातला पावणेचार तासांचा फरक बोलका आहे. सायकली सुधारल्या, सराव शास्त्रशुद्ध झाला आणि आम्ही सायकलवर खायला शिकलो. यातलं तिसरं कारण लोकांना सहसा माहीत नसतं.

प्रो आणि बाकीचे स्पर्धक यांच्यात फरक काय?

प्रो होण्यासाठी निकालांच्या जोरावर परवाना मिळवावा लागतो. आमची सुरुवात आधी आणि वेगळी होते, बक्षिसाची रक्कम फक्त आम्हाला असते आणि काही नियम जास्त कडक असतात. उदाहरणार्थ, आयर्नमॅनच्या शर्यतीत पाण्याचं तापमान २१.९ अंशांच्या वर गेलं की प्रोंना वेटसूट (ऊब देणारा आणि तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख) घालता येत नाही. वयोगटातल्या, म्हणजे वयानुसार गटांत उतरणाऱ्या हौशी स्पर्धकांना ही मुभा २४.५ अंशांपर्यंत असते.

वयोगटातल्या लोकांना साधारण १७ तासांची मुदत मिळते. मी संध्याकाळी परत येऊन त्यांना पाहते. जी बाई पंधराव्या तासाला अजून धावते आहे, ती माझ्या जवळपास दुप्पट वेळ रस्त्यावर आहे, नोकरी सांभाळून तिने सराव केलेला आहे आणि रात्री खेळायला ना प्रतिस्पर्धी उरलाय ना गर्दी. हे माझ्या कामापेक्षा सोपं आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पोहताना गर्दीत भीती वाटत नाही का?

पहिल्या काही मिनिटांत लाथा-बुक्क्या बसतात, चष्मा निसटतो, तोंडात पाणी जातं. सरावाने भीती जाते, सावधपणा राहतो. पोहताना दुसरीच्या पायांमागे राहायला नियमाने परवानगी आहे आणि त्यात बरीच ताकद वाचते. म्हणून सुरुवातीचे दोन-तीनशे मीटर आम्ही जवळपास पूर्ण जोराने पोहतो. योग्य गटाचे पाय मिळाले की मग श्वास लयीत येतो. ते पाय सुटले तर पुढचा पाऊण तास एकटीने पाणी कापत जावं लागतं.

बाकी काम नजरेचं. दर सात-आठ हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) शोधायचा. डोकं जास्त उचललं की कंबर खाली जाते आणि वेग पडतो.

ट्रान्झिशनमध्ये इतकी धावपळ कशासाठी?

ट्रान्झिशन म्हणजे पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाण्याची जागा. धावपळ अशासाठी की तिथे मिळणारी वीस-तीस सेकंदं फुकटची असतात. रस्त्यावर तेवढा वेळ कमवायला खूप घाम गाळावा लागतो. बूट पेडलला आधीच अडकवून बारीक रबर बँडने आडवे धरून ठेवलेले असतात. अनवाणी पळत जाऊन सायकलवर बसायचं, पेडल फिरलं की रबर तुटतं, मग चालत्या सायकलवर पाय आत सरकवायचे. हा क्रम इतक्या वेळा घोटलेला असतो की शर्यतीच्या दिवशी हात आपोआप चालतात.

सायकलवर एकमेकींच्या मागे लागून का जात नाही?

नियमाने बंदी आहे. बऱ्याच शर्यतींत प्रोंसाठी वर्षानुवर्षं १२ मीटरचं अंतर होतं, म्हणजे पुढचीच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत. टी१०० मध्ये ते २० मीटर आहे. ओलांडायचं तर ठरलेल्या काही सेकंदांत ओलांडायचं, आणि कुणी आपल्याला ओलांडलं तर आपणच मागे हटायचं. मोटारसायकलवरचे पंच निळं कार्ड दाखवतात आणि पुढच्या पेनल्टी तंबूत ५ मिनिटं उभं राहावं लागतं.

१२ मीटरवरही हवेचा थोडा फायदा मिळतोच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. माझं स्पष्ट मत आहे की अंतर जास्त हवं, म्हणजे सायकलवर जी खरोखर बलवान आहे तिला त्याचं फळ मिळेल.

सायकलवर इतके तास डोक्यात काय चालतं?

फार थोडं, आणि तेच चांगलं. मी तीन गोष्टी पाहते: वॅट, डोक्याची ठेवण आणि पुढचा घोट कधी.

वॅट म्हणजे पॉवर मीटरवर दिसणारी ताकद. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास आपली बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते आणि वेग थोडा वाढवायचा तरी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढवावी लागते. म्हणून आम्ही एरोबारवर (हँडलवरून पुढे आलेल्या दांड्यांवर) कोपर टेकवून, मान खांद्यांत ओढून, तासन्‌तास एकाच आकारात बसतो. चौथ्या तासाला मान आणि कंबर इतकी दुखते की सरळ बसावंसं वाटतं. सरळ बसलं की तेवढ्याच वॅटमध्ये वेग पडतो, त्यामुळे ती मान टिकवण्याचाही वेगळा सराव करावा लागतो.

सगळ्यात अवघड असतं ते जाऊ देणं. साठाव्या किलोमीटरला कुणीतरी जोरात पुढे निघून जाते, पाय ताजे असतात, मागे जावंसं वाटतं. अशा वेळी मी आकड्याकडे पाहते. पगार पहिल्या आठवड्यात उडवला की महिनाअखेरीला उधारीवर दिवस काढावे लागतात. या शर्यतीत ती महिनाअखेर म्हणजे मॅरेथॉनचे शेवटचे १५ किलोमीटर. जिंकते ती बहुतेक वेळा सगळ्यात वेगवान नसते. जिचा वेग शेवटी इतरांपेक्षा कमी घसरतो, ती असते.

शर्यतीत खाता काय, आणि किती?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी खुर्ची देते.

शरीरातला ग्लायकोजेनचा (स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा) साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास. शर्यतीत खर्च होतात सहा ते आठ हजार. चरबी बराच भार उचलते, पण शर्यतीच्या वेगाला तेवढ्यावर भागत नाही. फरक बाहेरून भरायचा, आणि तो भरायला वाट एकच, आतडं.

एकट्या ग्लुकोजचं आतड्यातून शोषण ताशी ६० ग्रॅमच्या आसपास अडतं, कारण त्याला आत नेणारा वाहक भरून जातो. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा आहे. दोन्ही एकत्र घेतलं की दोन दारं उघडतात आणि ताशी ९० ग्रॅम किंवा त्याहून जास्त कर्बोदकं आत जातात. आज बऱ्याच प्रो खेळाडू सायकलवर ताशी १०० ते १२० ग्रॅम घेतात. एका जेलमध्ये (पिळून खायच्या दाट साखरेच्या छोट्या पाकिटात) २५ ते ४० ग्रॅम असतात, म्हणजे तासाला तीन-चार जेल किंवा तेवढीच साखर बाटलीत.

हे पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. पोट फुगतं, मळमळतं. आतड्यालाही सराव द्यावा लागतो: आठवड्यातून एक-दोन लांब सरावांत शर्यतीइतकंच, शर्यतीतलंच खायचं, आणि प्रमाण हळूहळू वाढवायचं. मी घड्याळात दर १५ मिनिटांचा गजर लावते. भूक लागण्याची वाट पाहत नाही. भूक लागली तेव्हा उशीर झालेला असतो.

पाणी आणि मीठ याचा हिशेब प्रत्येकीचा वेगळा. सरावाआधी आणि नंतर वजन करा, मध्ये किती प्यायलात ते मिळवा, घाम किती जातो ते कळतं. नुसतं पाणी ढोसणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम उतरलं तर डोकं दुखणं, गोंधळ आणि त्याहून गंभीर प्रकार होऊ शकतात.

पोट बिघडलं तर?

वेग कमी करायचा. जोरात चालताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याकडे थोडंच उरतं. दहा मिनिटं हळू गेलं की बहुतेक वेळा पोट पुन्हा काम करू लागतं. दहा मिनिटांत दोन मिनिटं गमावली तरी चालतील. बंद पोट घेऊन मॅरेथॉनला उतरलं तर अर्धा तास जातो.

आणि लघवी?

चालत्या सायकलवरच, उतारावर, मागे कुणी नाही हे बघून. नंतर अंगावर पाणी ओतायचं. सगळ्याच नाही, पण पुष्कळ जणी हेच करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बारा वाजेपर्यंत एकदाही लागली नाही तर मात्र मी सावध होते, कारण पाणी कमी पडतंय.

१८० किलोमीटरनंतर मॅरेथॉन धावता तरी कशी येते?

सुरुवातीचे दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. मांड्या जड, पावलं आखूड. गंमत म्हणजे याच वेळी वेग नको तितका जास्त असतो, कारण सायकलच्या वेगाची सवय झालेली असते आणि गर्दी ओरडत असते. तिथे घड्याळ पाहून स्वतःला अडवावं लागतं.

मग शर्यत एड स्टेशनपासून एड स्टेशनपर्यंत होते. साधारण दीड-दोन किलोमीटरवर एक टेबल असतं. स्वयंसेवक हात लांब करून उभे असतात, मी लांबूनच बोट दाखवून “बर्फ!” म्हणून ओरडते, म्हणजे त्यांना कळतं. पहिल्या हाताचा बर्फ सूटच्या गळ्यातून छातीवर, दुसऱ्या हातातलं पाणी डोक्यावर. पुढच्या कागदी पेल्याची कड चिमटीत दाबून चोच करायची, म्हणजे धावताना निम्मं पाणी नाकात जात नाही. एक घोट, एक श्वास, एक घोट. स्पंज मानेवर पिळून खांद्याच्या पट्ट्याखाली खोचायचा. शेवटचं टेबल कोलाचं. हे सगळं २० मीटरमध्ये, वेग न मोडता.

तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास चेहऱ्यावर मिठाचा थर जाणवतो, बोटं सुजलेली असतात, गोड चव नकोशी होते आणि उताराची भीती वाटू लागते, कारण उतारावर मांड्यांना प्रत्येक पाऊल झेलावं लागतं. त्या वेळी मी पावलांची गती धरून ठेवते. पाऊल लहान झालं तरी चालेल, संख्या पडू द्यायची नाही.

कोनाबद्दल इतकं का बोललं जातं?

उष्णतेमुळे. आपण खर्च केलेल्या उर्जेतली साधारण पाव हिस्साच हालचालीत उतरते. उरलेली सगळी उष्णता होते आणि ती घामावाटे बाहेर काढावी लागते. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, नुसता गळतो. कोनाला समुद्राचं पाणी कोमट, म्हणून वेटसूट नाही; हावी गावाकडे जाताना बाजूने येणारे वारे पुढचं चाक ढकलतात; आणि मॅरेथॉनचा बराच भाग काळ्या लाव्हाच्या पठारातून जाणाऱ्या हमरस्त्यावर, सावलीशिवाय.

तयारी करता येते. दहा-चौदा दिवस उष्णतेत सराव केला की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, नाडी थोडी खाली येते. पण शरीराची मर्यादा सरकते, नाहीशी होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे महिलांच्या शर्यतीत ल्युसी चार्ल्स-बार्कली धावताना थांबली, आणि त्यानंतर आघाडीवर असलेल्या टेलर निबला शेवटचे काही किलोमीटर उरलेले असताना शर्यत सोडावी लागली. नॉर्वेची सोल्वेग लोव्सेथ जिंकली. जगातल्या सर्वोत्तम दोघींच्या इच्छाशक्तीत त्या दिवशी काही कमी होतं, असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

मग मनाच्या बळाचं काय?

आहे, पण लोक समजतात तिथे नाही. फेब्रुवारी १९८२ मध्ये कोनाच्या शर्यतीत ज्युली मॉस पहिल्या क्रमांकावर असताना रेषेजवळ कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून गेली आणि ज्युली रांगत रेषेपर्यंत पोहोचली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून कितीतरी लोक या खेळाकडे वळले. मलाही ते पाहून गलबलून येतं. तरी नव्या मुलींना मी सांगते की रांगणं हे ध्येय नव्हे, ते साठा संपल्याचं लक्षण आहे.

मनाचं बळ मला दिसतं ते १९८९ च्या कोनात. मार्क ॲलन आणि डेव्ह स्कॉट जवळजवळ आठ तास शेजारी शेजारी राहिले आणि शेवटच्या चढावर ॲलन सुटला. ५८ सेकंदांनी जिंकला. त्या दिवशीची त्याची मॅरेथॉन २ तास ४० मिनिटं ४ सेकंदांची, आणि ती वेळ कोनात २०१६ पर्यंत टिकली. इतका वेळ शेजारी प्रतिस्पर्धी असताना घाई न करणं, हे मला सगळ्यात अवघड बळ वाटतं.

शर्यत अर्धवट सोडली तर लाज वाटते का?

वाईट वाटतं. लाज नाही. चक्कर, थंडी वाजणं, सरळ रेषेत चालता न येणं, घाम थांबणं यातलं काही झालं तर थांबायचं, यावर माझ्याशी वाद घालू नका. कंटाळा आला किंवा क्रमांक घसरला म्हणून सोडणं वेगळं. ते मी टाळते.

महिला खेळाडू म्हणून वेगळं काय सांभाळावं लागतं?

हे मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे. सराव भरपूर आणि खाणं कमी असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर काटकसर करू लागतं: पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, हाडं कमजोर होतात, ताणाने हाडाला भेगा पडतात, सतत आजारपण येतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं; ती पुरुषांनाही होते. पाळी बंद होणं म्हणजे सराव छान चालल्याची खूण, असं अजूनही काही ठिकाणी ऐकू येतं. ते साफ चूक आणि घातक आहे. असं झालं तर खाणं वाढवा आणि खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटा, ताबडतोब.

आठवड्याला सराव किती?

प्रोंचा साधारण २५ ते ३० तास. त्यातला बहुतांश इतक्या सावकाश की बोलता यावं. जोराचे सराव आठवड्याला मोजकेच. झोप हा सरावाचाच भाग, म्हणून दुपारीही झोपते.

यावर पोट भरतं का?

मोजक्यांचं चांगलं भरतं, बऱ्याच जणींचं ओढाताणीत. कोनाच्या विजेतीला १,२५,००० डॉलर मिळालेले आहेत आणि २०२४ पासून आयर्नमॅनने वर्षभराच्या प्रो मालिकेसाठी वेगळी बोनस रक्कम ठेवली आहे. पण बक्षिसं वरच्या क्रमांकांनाच. प्रवास, सायकल, प्रशिक्षक, फिजिओ हा खर्च मात्र सगळ्यांना. खरी कमाई प्रायोजकांकडून येते.

उत्तेजक चाचण्या होतात का?

होतात, शर्यतीत आणि घरीही. चाचणी-यादीतल्या खेळाडूला रोजचा एक तास आधी कळवावा लागतो, त्या तासात ती कुठे सापडेल ते. १२ महिन्यांत तीनदा चूक झाली तर तो नियमभंग ठरतो. कटकट आहे, पण मला ती हवी आहे.

मला पहिली लांब शर्यत करायची आहे. सुरुवात कुठून करू?

आधी अर्ध्या अंतराची एक शर्यत करा आणि तिच्यात वेळेपेक्षा खाण्याकडे लक्ष द्या. हृदयाची तपासणी करून घ्या. मोकळ्या पाण्यात एकट्याने कधीही पोहू नका. महागडी चाकं घेण्याआधी सायकलची बैठक जाणकाराकडून नीट बसवून घ्या; दुखणाऱ्या बैठकीवर कुठलंही चाक वेगवान नसतं. आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच वीस मिनिटं धावा, म्हणजे ते जड पाय ओळखीचे होतील. आणि नाव नोंदवल्यावर आयोजकांच्या माहितीपत्रकात एड स्टेशनवर कोणतं पेय आणि कोणतं जेल मिळणार आहे ते पाहा, तेच आणून येत्या रविवारच्या लांब सरावापासून वापरायला लागा.